कॅप्टन कर्कची नौका आणि वारंवार मोडलेला आदेश

१/
२ फेब्रुवारी १९६८, शुक्रवार. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने सायंकाळच्या बातमीपत्रात सायगावमधील एक चित्रफीत दाखवली. दक्षिण व्हिएतनामच्या पोलीसप्रमुखाने हात बांधलेल्या एका कैद्याच्या डोक्यात भर रस्त्यात गोळी घातली होती. टेट आक्रमण सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. काही तासांनी त्याच वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’चा नवा भाग लागला. एका दूरच्या ग्रहावरील शांत डोंगरी लोकांना शंभर बंदुका देण्याचा निर्णय या भागाचा नायक घेतो, आणि तो निर्णय घेताना त्याचे मन मोडून जाते.

२/
हा नायक म्हणजे कॅप्टन जेम्स टी. कर्क. तेविसाव्या शतकातील ‘एंटरप्राइज’ या तारकायानाचा प्रमुख. हाताखाली सुमारे ४३० माणसे, समोर पाच वर्षांची शोधमोहीम आणि वरिष्ठ अधिकारी कित्येक प्रकाशवर्षे दूर. ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात मालिकेचे ७९ भाग प्रसारित झाले. विल्यम शॅटनर या कॅनेडियन नटाने रंगवलेला कर्क आज नकलांचा आणि विनोदांचा विषय झाला आहे. इतिहासाच्या अभ्यासकासाठी मात्र तो एक अस्सल साधन आहे. घरापासून दूर गेलेल्या सशस्त्र सत्तेने स्वतःला कसे आवरावे, हा १९६०च्या दशकातील अमेरिकेचा प्रश्न या कप्तानाच्या खुर्चीत बसलेला दिसतो.

३/
या प्रश्नाचे मूळ समुद्रावर सापडते. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने मार्च १९६४मध्ये पहिला आराखडा लिहिला, तेव्हा कप्तानाचे नाव रॉबर्ट एप्रिल होते आणि यानाचे नाव ‘यॉर्कटाउन’. नावे पुढे बदलली, घडण तीच राहिली. कप्तानाचा साचा रॉडनबेरीने सी. एस. फॉरेस्टरच्या होरेशिओ हॉर्नब्लोअर या नायकावरून घेतला होता. हॉर्नब्लोअर हा नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश आरमाराचा कप्तान. लंडनहून निघालेला हुकूम त्याच्या हाती पडायला महिने लागत. तोवर परक्या किनाऱ्यावर सेनापती तोच, वकील तोच आणि न्यायाधीशही तोच. कर्कच्या अधिकाराचे स्वरूप नेमके हेच आहे.

४/
हॉर्नब्लोअर काल्पनिक होता. त्याच्याही आधीचा जेम्स कुक खराखुरा. जेम्स कुकची ‘एंडेव्हर’ आणि जेम्स कर्कची ‘एंटरप्राइज’ यांतील साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. त्याहून खोल साम्य एका कागदात आहे. १७६८मध्ये एंडेव्हर निघण्यापूर्वी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष अर्ल ऑफ मॉर्टन यांनी कुकला लेखी सूचना दिल्या. वाटेत भेटणारे लोक आपापल्या भूमीचे नैसर्गिक आणि कायदेशीर मालक आहेत. त्यांच्या संमतीवाचून ती भूमी घेण्याचा अधिकार कोणत्याही युरोपीय राष्ट्राला नाही. त्यांचे रक्त सांडणे हा घोर अपराध आहे. खलाशांच्या बंदुकांना आवर घालावा. परक्या समाजात ढवळाढवळ करू नये, हा कर्कला बांधणारा ‘प्राइम डायरेक्टिव्ह’ या सूचनांचा दूरचा वंशज म्हणता येईल.

५/
सूचना जहाजावर होत्या, तशाच तोफाही होत्या. ऑक्टोबर १७६९मध्ये एंडेव्हर न्यूझीलंडच्या किनाऱ्याला लागली आणि पहिल्याच भेटीत कुकच्या माणसांनी ते मारो या माओरी पुरुषाला गोळी घालून ठार केले. पुढच्या दोन दिवसांत आणखी काही माणसे मारली गेली. कुकने आपल्या रोजनिशीत त्याबद्दल खंत नोंदवली आणि प्रवास चालू ठेवला. ऑगस्ट १७७०मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावे केला. तेथील रहिवाशांची संमती कोणी विचारली नव्हती. १४ फेब्रुवारी १७७९ रोजी हवाईच्या राजाला ओलीस धरण्याच्या प्रयत्नात कुक स्वतःच किनाऱ्यावर मारला गेला. उदात्त आदेश आणि सशस्त्र जहाज एकत्र प्रवासाला निघाले की काय घडते, त्याचा हा पहिला मोठा दाखला.

६/
आता पॅसिफिक तोच, शतक विसावे. १९२१मध्ये जन्मलेला रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमध्ये बी-१७ बॉम्बफेकी विमान चालवत होता. युद्धानंतर तो पॅन अ‍ॅम कंपनीत वैमानिक झाला आणि १९४९ ते १९५६ या काळात लॉस एंजेलिस पोलीस दलात राहिला. तेथे पोलीसप्रमुख विल्यम पार्कर यांची भाषणे लिहून देण्याचे कामही त्याने केले. गणवेश, पदसोपान, आज्ञापालन हे त्याने आतून पाहिले होते. त्यामुळे त्याच्या नायकांना अधिकाराचा तिटकारा नसतो. अधिकारी सज्जन असला तर अधिकार सुरक्षित राहतो, असा विश्वास त्यांच्या घडणीत दिसतो.

७/
१९६३-६४मध्ये रॉडनबेरीने ‘द लेफ्टनंट’ ही मरीन दलावरची मालिका काढली. तिच्या नायकाचे नाव विल्यम टिबेरियस राइस. हेच रोमन सम्राटाचे मधले नाव पुढे कर्कला मिळाले. या मालिकेच्या एका भागात सैन्यातील वर्णद्वेष दाखवला होता. संरक्षण खात्याने सहकार्य काढून घेतले आणि एनबीसीने तो भाग दाखवलाच नाही. वर्तमान अमेरिकेबद्दल थेट बोलले तर दार बंद होते, हा धडा रॉडनबेरीला मिळाला. त्यानंतर त्याने कथा तेविसाव्या शतकात नेली.

८/
पहिल्या नमुना भागातील कप्तान कर्क नव्हता. जेफ्री हंटरने साकारलेला ख्रिस्तोफर पाइक थकलेला, स्वतःवर शंका घेणारा, पद सोडण्याच्या विचारात असलेला माणूस होता. एनबीसीने तो भाग नाकारला, पण सहसा न घडणारी गोष्ट केली: दुसरा नमुना भाग मागवला. त्यात शॅटनर आला. कर्क वेगळ्याच धातूचा होता. चौतिशीतला, उत्साही, देखणा, पटकन निर्णय घेणारा आणि धोक्यात स्वतः पुढे जाणारा.

९/
हे वर्णन त्या दशकातील अमेरिकी प्रेक्षकाला ओळखीचे होते. जॉन केनेडी ४३व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. ऑगस्ट १९४३मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्यांची ‘पीटी-१०९’ ही नौका चिरडली, तेव्हा ते तिचे तरुण प्रमुख होते. जुलै १९६०मध्ये त्यांनी देशापुढे ‘नव्या सीमे’ची कल्पना मांडली, मे १९६१मध्ये चंद्रावर माणूस उतरवण्याचे लक्ष्य ठेवले. त्याच केनेडींच्या काळात दक्षिण व्हिएतनाममधील अमेरिकी लष्करी सल्लागारांची संख्या सुमारे ९००वरून १६,०००च्या घरात गेली. चंद्राकडे आणि व्हिएतनामकडे अमेरिका एकाच आत्मविश्वासाने निघाली होती. कर्क त्या आत्मविश्वासाचा मानसपुत्र आहे.

१०/
कर्क आज्ञा कशी देतो, हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या एका बाजूला तर्कनिष्ठ स्पॉक असतो, दुसऱ्या बाजूला भावनाशील डॉक्टर मॅकॉय. दोघे मोकळेपणाने वाद घालतात, कर्क ऐकून घेतो आणि निर्णय एकटा घेतो. ६ ऑक्टोबर १९६६च्या ‘द एनिमी विदिन’ या रिचर्ड मॅथेसनलिखित भागात यंत्रातील बिघाडाने कर्कचे दोन कर्क होतात. एक सौम्य आणि दयाळू, दुसरा हिंस्र. सौम्य कर्क भला असतो, पण तासागणिक त्याची निर्णयशक्ती गळत जाते. दुसरा अर्धा परत मिळेपर्यंत त्याला नौका चालवता येत नाही. निष्कर्ष उघड आहे: नेतृत्वाला आतल्या हिंसेची गरज असते, फक्त ती लगामात हवी.

११/
मग हा लगाम कोणता? ९ फेब्रुवारी १९६७च्या ‘द रिटर्न ऑफ द आर्कॉन्स’ या भागात प्राइम डायरेक्टिव्हचा पहिल्यांदा उल्लेख होतो. गंमत अशी की, ज्या भागात हा आदेश जन्मतो त्याच भागात तो मोडला जातो. लँड्रू नावाचे संगणकयंत्र एका ग्रहावरील लोकांना गुंगीसारख्या शांततेत ठेवत असते. स्पॉक आदेशाची आठवण करून देतो. कर्क उत्तर देतो की तो आदेश जिवंत, वाढत्या समाजांसाठी आहे. हा समाज साचलेला आहे. यंत्र नष्ट होते. ऑक्टोबर १९६७च्या ‘द अ‍ॅपल’ या भागात दुसऱ्या ग्रहावर, दुसऱ्या यंत्राच्या बाबतीत हेच घडते.

१२/
‘साचलेला समाज’ हा युक्तिवाद पटकथालेखकांच्या खोलीपुरता नव्हता. अर्थतज्ज्ञ वॉल्ट रॉस्टोव्ह यांनी १९६०मध्ये आर्थिक वाढीच्या टप्प्यांवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. पारंपरिक समाज पायरीपायरीने आधुनिक होतात आणि वाटेत साम्यवादापासून त्यांना जपावे लागते, अशी त्याची मांडणी होती. १९६६पासून हेच रॉस्टोव्ह राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते. कोणता समाज वाढतो आहे आणि कोणता थांबला आहे, हे बाहेरून आलेला ठरवणार. आणि थांबलेल्याला हलवण्याचा हक्कही त्याचाच. कर्कच्या तोंडी आलेली पळवाट वॉशिंग्टनमध्ये धोरण म्हणून वावरत होती.

१३/
तरीही मालिकेला भाबडी म्हणता येत नाही. १९६७च्या वसंतात तिने आपल्याच कप्तानाला तीनदा अडचणीत आणले. ‘अ टेस्ट ऑफ आर्मागेडन’मध्ये दोन ग्रह पाचशे वर्षे संगणकावर युद्ध खेळत आहेत. संगणकाने ‘मृत’ ठरवलेले नागरिक मुकाट्याने मृत्युकक्षात चालत जातात. इमारती शाबूत, संस्कृती शाबूत, फक्त माणसे वजा. पेंटॅगॉन तेव्हा व्हिएतनाममधील प्रगती शत्रूच्या मृतदेहांच्या आकड्यांनी मोजत होते. कर्क ते संगणक उद्ध्वस्त करतो. युद्धाची किळस परत आली तरच शांतता येईल, असे त्याचे म्हणणे.

१४/
२३ मार्चच्या ‘एरंड ऑफ मर्सी’मध्ये कर्क ऑर्गेनिया ग्रहाच्या साध्याभोळ्या रहिवाशांना क्लिंगॉन साम्राज्यापासून वाचवायला जातो. ते नम्रपणे नकार देतात. शेवटी उलगडते की हे ‘मागास’ लोक दोन्ही महासत्तांहून कितीतरी प्रगत आहेत. ते दोन्ही ताफ्यांची शस्त्रे एका क्षणात निकामी करतात. तेव्हा कर्क संतापून युद्ध करण्याच्या आपल्या हक्कासाठी भांडू लागतो, शत्रूच्या सेनापतीच्या खांद्याला खांदा लावून. आपण काय बोलत आहोत हे ध्यानात आल्यावर तो ओशाळतो. पटकथा जीन कून यांची होती. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात ते मरीन म्हणून राहिले होते.

१५/
तिसरा भाग ६ एप्रिलचा: ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’. १९३०च्या मंदीतील न्यूयॉर्कमध्ये गरिबांना अन्न देणारी ईडिथ कीलर ही शांततावादी स्त्री. कर्क तिच्या प्रेमात पडतो. ती जगली तर तिच्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल, हे कळल्यावर तो तिला डोळ्यांदेखत मरू देतो. तिचे विचार बरोबर होते, काळ चुकीचा होता, असा या भागाचा निवाडा आहे. दोनच दिवस आधी, ४ एप्रिलला, न्यूयॉर्कच्याच रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध आपले सर्वांत कठोर भाषण केले होते. तारखा जुळल्या त्या योगायोगाने. पण शांततेची वेळ आली आहे की नाही, हा वाद दोन्हीकडे एकच होता.

१६/
आता २ फेब्रुवारी १९६८च्या ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’कडे परत येऊ. तेरा वर्षांपूर्वी तरुण लेफ्टनंट कर्क या ग्रहावर आलेला असतो. येथे ढवळाढवळ नको, असे मत त्यानेच तेव्हा दिलेले असते. परतल्यावर दिसते की, धनुष्यबाण वापरणाऱ्या गावकऱ्यांच्या हाती बंदुका आल्या आहेत. क्लिंगॉनांनी त्या गुपचूप पुरवल्या आहेत. कर्कचा जुना डोंगरी मित्र टायरी हत्या करायला तयार नाही. कर्क ठरवतो की डोंगरी लोकांनाही तितक्याच बंदुका द्यायच्या, एकही जास्त नाही. दोन्ही पारडी समान राहिली तर कोणीच नष्ट होणार नाही.

१७/
मॅकॉय संतापतो: याला अंत कुठे? उत्तरादाखल कर्क विसाव्या शतकात आशिया खंडात झालेल्या, दोन महासत्तांना माघार घेता न आलेल्या युद्धांचा दाखला देतो. नाव न घेता व्हिएतनामचे नाव घेतले जाते. दरम्यान टायरीची पत्नी गावकऱ्यांच्या हातून मारली जाते आणि अहिंसक टायरी स्वतः बंदुका मागू लागतो. कर्क जिंकला असे म्हणावे, तर जो मित्र वाचवायचा होता तोच हरवलेला असतो. या ग्रहाच्या बागेत आपण साप पाठवतो आहोत, हे कर्क स्वतःच कबूल करतो. नेहमीचा खेळकर शेवट येथे नाही. कप्तान थकलेल्या आवाजात यानावर परत घ्यायला सांगतो.

१८/
या भागाची पटकथा रॉडनबेरीची होती आणि तिने युद्धाचे दुःखी समर्थन केले होते. त्याच वर्षी ‘गॅलक्सी’ या विज्ञानकथा मासिकाच्या जून अंकात समोरासमोर दोन जाहिराती छापून आल्या. एका पानावर अमेरिकेने व्हिएतनाममध्ये राहावे म्हणणारे लेखक, रॉबर्ट हाइनलाइन त्यांत होते. दुसऱ्या पानावर युद्धाला विरोध करणारे. त्या यादीत आयझॅक असिमोव्ह, रे ब्रॅडबरी, ‘सिटी ऑन द एज’चे लेखक हार्लन एलिसन आणि स्वतः जीन रॉडनबेरी होते. कर्कच्या खुर्चीत बसून जे अटळ वाटले, त्याला नागरिक म्हणून सही करताना त्यांनी नकार दिला.

१९/
कर्कच्या जगाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. वर्णभेद संपल्याचे दाखवणाऱ्या या भविष्यात लेफ्टनंट उहुरा पुलावर होती, पण कप्तानपद पुरुषांचेच होते. शेवटच्या ‘टर्नअबाउट इंट्रूडर’ भागात कर्कची जागा बळकावणारी जॅनिस लेस्टर ही कटुता बोलून दाखवते आणि कथा तिला वेडी ठरवते. भारताच्या वाट्याला आला तो खान नूनियन सिंग. उत्तर भारतातील शीख म्हणून ओळख दिलेला हा हुकूमशहा मेक्सिकन नट रिकार्डो मॉन्टलबान याने साकारला.

२०/
मालिका बंद पडली आणि सात आठवड्यांनी माणूस चंद्रावर उतरला. पुनःप्रसारणांतून मात्र कर्क वाढतच गेला. चाहत्यांच्या पत्रांच्या पावसामुळे नासाच्या पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी त्याचे अनावरण झाले. ते फक्त वातावरणातील चाचण्यांसाठी होते, अंतराळात ते कधीच गेले नाही. भारतात १९८०च्या दशकात दूरदर्शनने ही मालिका दाखवली. त्याआधी, १९७९च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात, मुंबईची माजी मिस इंडिया पर्सिस खंबाटा डोक्याचे मुंडण करून कर्कच्या यानावर आली होती.

२१/
पण त्या काळात समुद्रावर आणखी एक एंटरप्राइज होती. जगातील पहिली अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका, १९६१मध्ये नौदलात दाखल झालेली. डिसेंबर १९६५पासून तिची विमाने व्हिएतनामवर बॉम्ब टाकत होती. डिसेंबर १९७१मध्ये, बांगलादेश मुक्तियुद्ध अंतिम टप्प्यात असताना, निक्सन प्रशासनाने तिच्या नेतृत्वाखालील ताफा बंगालच्या उपसागरात धाडला. अमेरिकी नागरिकांची सुटका हे सांगितलेले कारण; भारतावर दबाव आणि महासत्तांमधला समतोल हे खरे. पारडी समान ठेवण्याचा तोच युक्तिवाद. फरक एवढाच की या वेळी ग्रह आपला होता. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. ताफ्याने एकही गोळी झाडली नाही.

२२/
म्हणून कर्कला केवळ साम्राज्यवादी म्हणून निकालात काढणे सोपे, पण अपुरे आहे. आदेश मोडताना त्याला कारण द्यावे लागते, मॅकॉयचा राग ऐकावा लागतो आणि १९६८च्या त्या रात्री आपल्याच निर्णयापुढे मान खाली घालावी लागते. कुकच्या रोजनिशीतील खंतही अशीच होती. खंत खरी असते. तिने मेलेला माणूस परत येत नाही आणि जहाजही मागे फिरत नाही. सत्ताधारी सज्जन असला की पुरे, हा त्या दशकाचा विश्वास कुठे तडकला, ते ठिकाण या मालिकेत दिसते.

२३/
हा प्रवास स्वतः पारखायचा असेल तर पाच भाग याच क्रमाने पाहावेत: ‘द एनिमी विदिन’, ‘द रिटर्न ऑफ द आर्कॉन्स’, ‘एरंड ऑफ मर्सी’, ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ आणि ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’. शक्य असल्यास प्रत्येक भाग दोनदा पाहावा. पहिल्यांदा कप्तानाच्या खुर्चीतून, दुसऱ्यांदा ग्रहावर उभे राहून, आकाशातून उतरणाऱ्या त्या माणसांकडे बघत.